छोट्या विमानावरचा रंग : एअरब्रश हातात घेताना

मागच्या रांगेतल्यांना टेबलावरचं नीट दिसत नसेल, म्हणून काय काय मांडलंय ते आधी सांगतो. एक छोटा कॉम्प्रेसर, त्याला जोडलेली नळी, नळीच्या टोकाला पेनाएवढा एअरब्रश, शाई कालवलेल्या पाण्याची बाटली, आइस्क्रीमबरोबर मिळतात तसले पांढरे प्लॅस्टिकचे चमचे पंचवीस-तीस, आणि त्या रुमालाखाली दोन विमानं. रुमाल नंतर काढू.

तत्त्वज्ञानाच्या माणसाने प्लॅस्टिकच्या विमानांवर बोलावं हे काहींना चमत्कारिक वाटेल. आयोजकांनाही वाटलं होतं. चाळीस वर्षं कांट आणि न्यायसूत्रं शिकवून झाल्यावर आम्ही हा लहानपणीचा छंद पुन्हा हातात घेतला. आम्ही म्हणजे आम्ही एकटेच. वर्गात बोलून बोलून लागलेली सवय आहे, ती आता सुटायची नाही. या काळात जे शिकलो, त्यातलं नव्याने सुरुवात करणाऱ्याला उपयोगी पडेल तेवढंच आज सांगायचं आहे. विमान जोडायचं कसं हा आजचा विषय नाही. जोडून झालेल्या विमानाला रंग द्यायचा कसा, एवढाच आहे.

सुरुवात एका फसलेल्या विमानापासून करू. १९६२ सालची गोष्ट. आमचं घर रत्नागिरीला. मामा बोटीवर नोकरीला होते. लिव्हरपूलहून येताना त्यांनी आम्हा दोघा भावांसाठी एअरफिक्स कंपनीची एक पिशवी आणली. वर घडी घातलेला छापील पुठ्ठा, आत चौकटीला चिकटलेले प्लॅस्टिकचे तुकडे. ते स्पिटफायर विमान होतं. प्रमाण एकास बहात्तर, म्हणजे खऱ्या विमानातले ७२ सेंटिमीटर इथे एक सेंटिमीटर. खऱ्या स्पिटफायरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११.२३ मीटर, आमच्या हातात आले ते साधारण साडेपंधरा सेंटिमीटर. दादाने एका दुपारी ते जोडलं. रंगवायचं काम आमच्याकडे आलं. घरात खिडक्यांना लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट होता, आणि दाराच्या कड्या रंगवलेला एक ब्रश होता. दोन दिवसांनी पाहिलं तर पंखाखाली रंगाचे ओघळ वाळून लोंबत होते, पुढचा प्रोपेलर फिरेना, आणि पत्र्यांच्या जोडांच्या त्या बारीक रेषा, ज्या पाहून आम्ही दोघं हरखलो होतो, त्या सगळ्या बुजून गेल्या होत्या. दादा काही बोलला नाही. त्याने विमान दोऱ्याने माळ्याच्या वाशाला टांगलं आणि शाळेत निघून गेला.

तेव्हा वाटलं, आपला हात वाईट. हात वाईट होताच, पण खरी चूक गणिताची होती. समजा, वाळल्यावर रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर बसला. खिडकीवर तो काहीच नाही. पण विमान बहात्तर पटींनी लहान केलेलं आहे. मग थरही बहात्तर पटींनी मोजायला हवा. ०.१ गुणिले ७२, म्हणजे ७.२ मिलिमीटर. खऱ्या स्पिटफायरवर शिसपेन्सिलीच्या जाडीएवढा रंग थापला तर कसा दिसेल, तसं ते दिसत होतं. कारखान्याने साच्यात रेषा कोरल्या होत्या, आम्ही त्या लिंपून टाकल्या.

सगळ्या एअरब्रशचं मूळ या एका गुणाकारात आहे. रंग इतका पातळ बसला पाहिजे की खालचं सगळं दिसत राहील. ब्रशनेही हे साधणारे लोक आहेत, त्यांना आमचा नमस्कार. बाकीच्यांनी रंगाचे बारीक कण करून ते हवेने उडवावेत हे बरं.

ही कल्पना विमानांच्याही आधीची आहे. १८७० च्या दशकात अमेरिकेत आयोवा राज्यातल्या ॲब्नर पीलर याने असं पहिलं उपकरण केलं, आणि १८९० च्या दशकात चार्ल्स बर्डिकने त्याला आजच्या पेनासारखं रूप दिलं. सुरुवातीला त्याचा मोठा उपयोग फोटोंच्या सफाईसाठी झाला. गॅरेजमधला डेंटिंग-पेंटिंगवाला वापरतो ती स्प्रे गन याच घराण्यातली. फक्त ती हंडाभर रंग पिते आणि हा चमचाभर.

आत काय चालतं ते समजून घेऊ, कारण नव्वद टक्के तक्रारींचं उत्तर तिथेच मिळतं. पेनाच्या मधोमध एक लांब सुई असते. ती पुढे निमुळती होत एका छोट्या शंकूच्या भोकात, नॉझलमध्ये, बसते. सुई पुढे असली की भोक बंद. मागे ओढली की सुई आणि भोक यांच्यामध्ये फट पडते आणि रंगाला वाट मिळते. नॉझलच्या भोवतीने हवा जोरात बाहेर पडत असते; त्यामुळे टोकाशी दाब कमी होतो, रंग ओढला जातो आणि हवेच्या झोतात त्याचे कण होतात. वरच्या खटक्याला दोन हालचाली आहेत. खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. याला डबल ॲक्शन म्हणतात. एकाच हालचालीत दोन्ही सुरू होतात ते सिंगल ॲक्शन. ते स्वस्त असतं, पण आमचा सल्ला विचाराल तर घेऊ नका. पुढे बदलावंच लागतं.

खरेदीचं दोन वाक्यांत आटोपतो. वर रंगाचा पेला असलेला, ०.३ मिलिमीटर नॉझलचा डबल ॲक्शन एअरब्रश घ्या. कॉम्प्रेसर हवेची टाकी असलेला घ्या, आणि दाब कमीजास्त करायचा रेग्युलेटर व पाणी अडवणारा सापळा त्याला असेल याची खात्री करा. पैसे वाचवायचे तर एअरब्रशमध्ये वाचवा, कॉम्प्रेसरमध्ये नको.

पाण्याचा सापळा कशाला, असं एकाने मघाशी बाहेर विचारलं. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन सुटते. पुण्यात एप्रिलमध्ये हे जाणवणारही नाही. रत्नागिरीत जुलैमध्ये टाकीखालची चकती सैल करा, चक्क पाणी गळतं. तेच पाणी नळीतून पुढे गेलं तर रंगाच्या मधोमध थेंब थुंकल्यासारखा पडतो. या छंदावरची पुस्तकं इंग्लंड, अमेरिका, जपान इथली. आपल्या हवेचं त्यांत फारसं सापडत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे उलटा त्रास. पाण्यावरचे रंग सुईच्या टोकावरच वाळतात, दर दोन मिनिटांनी टोक ओल्या इअरबडने पुसावं लागतं. तेव्हा सकाळी सातला काम करावं आणि रंगात वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे, रिटार्डरचे, एक-दोन थेंब घालावेत. पावसाळ्यात लॅकर मारला तर तो कधीकधी दुधाळ होतो, कारण उडून जाणारा द्रव पृष्ठभाग थंड करतो आणि त्यावर दव धरतं. त्या दिवशी विमान झाकून ठेवावं आणि पुस्तक वाचावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: रंग पातळ किती करायचा, दाब किती ठेवायचा, आणि अंतर किती. नवा माणूस या तिघांचे आकडे मागतो. आकडे देतो, नाही असं नाही. टामियाचा अ‍ॅक्रिलिक रंग असेल तर निम्मा रंग, निम्मा त्याचाच थिनर. दाब १५ ते २० पीएसआय. अंतर पाच ते आठ सेंटिमीटर. पण हे आकडे पाठ करून वर्गात पहिला नंबर येईल, विमान रंगणार नाही. कारण तिघं एकमेकांना धरून आहेत. रंग जास्त पातळ केलात तर दाब उतरवावा लागतो, नाहीतर हवेचा झोत पृष्ठभागावरच्या ओल्या रंगाला ढकलतो आणि कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटतात. दाब उतरवला की पेन जवळ न्यावं लागतं. जवळ नेलं की हात भरभर चालवावा लागतो, नाहीतर ओघळ. आणि उलट्या बाजूने, पेन दूर धरलं, किंवा रंग घट्ट ठेवला, तर कण हवेतच वाळतात आणि पृष्ठभागावर पडतात ते धुळीसारखे. वरून बघायला रंग छान दिसतो. बोट फिरवलं की पॉलिश पेपर. ही खरखर लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

पातळपणाची खूण अशी. पेल्यात रंग कालवून काडीने पेल्याच्या आतल्या भिंतीवर थोडा वर चढवा. दुधासारखा खाली उतरला पाहिजे आणि मागे पांढुरका, आरपार दिसणारा पापुद्रा राहिला पाहिजे. भिंतीला चिकटून बसला तर घट्ट आहे. मागे काहीच ठेवलं नाही तर पाणी झालं. आणि एक जपा. टामियाचा रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पातळ होतो म्हणून व्हॅलेहोच्या रंगात ते घालू नका. त्याच्या गुठळ्या होतात आणि मग नॉझल सोडवत बसण्यात रविवार जातो. आमचे दोन गेले आहेत.

हे चमचे त्यासाठीच आहेत. वीणा वाजवूनच माणूस वीणावादक होतो हे ॲरिस्टॉटलने सांगितलेलं आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. कळलं ते चमच्यांवर. चमच्याला पंखासारखा फुगवटा असतो, दांड्याला कड असते, आणि बिघडला तर रडू येत नाही. आधी शाईचं पाणी घेऊन वर्तमानपत्रावर ठिपके काढा. मग रेघा. हवा आधी, रंग नंतर; थांबताना रंग आधी बंद, हवा नंतर. हा क्रम चुकला की सुईच्या टोकावर साठलेला थेंब पुढच्या वेळी विमानावर उडतो. आणि हात विमानाच्या बाहेर असताना रंग सुरू करा, विमान ओलांडून गेल्यावर बंद करा. मध्येच सुरू आणि मध्येच बंद केला की दोन्ही जागी डाग. पहिल्या हातात रंग पूर्ण झाकला गेला पाहिजे असा हट्ट नको. पहिला हात धुक्यासारखा, खालचं प्लॅस्टिक दिसतंच आहे असा. दहा मिनिटांनी दुसरा. तिसऱ्यात भरून येतो.

आमचा उजवा हात अलीकडे थोडा कापतो. ब्रश धरायची सोय राहिली नाही, विमानाच्या खिडकीची चौकट काढायला गेलो की चौकटीच्या दोन्ही बाजूंना रंग. एअरब्रशने मात्र अजून निभावतं, कारण टोक कुठे टेकतच नाही. दोन्ही कोपरं टेबलावर, डावं मनगट उजव्याखाली, आणि हालचाल खांद्यातून. या सभागृहात आमच्या वयाचे बरेच जण दिसताहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

रंगाआधीची तयारी. प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर साच्यातून सुटावेत म्हणून लावलेल्या तेलाचा अंश असतो, शिवाय आपल्या बोटांचं तेल. भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचे. जोडांच्या फटीत लांबी भरायची, पंखाचा आणि अंगाचा जोड ४०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरू करून १००० पर्यंत घासायचा. मग करडा प्रायमर. आणि इथे नव्या माणसाचा हमखास भ्रमनिरास होतो. त्याला वाटत असतं, रंग आला की जोड झाकला जाईल. प्रायमरचा पहिला हात बसला की जो जोड नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता तो केसासारखा वर येतो, बोटाचा ठसा दिसतो, डिंकाचा डाग दिसतो. पातळ रंग काही झाकत नाही. झाकणारा रंग तो आमचा १९६२ चा. प्रायमरनंतर पुन्हा लांबी, पुन्हा पेपर, पुन्हा प्रायमर. आम्हाला तीन-चार फेऱ्या लागतात. या कामात मजा अशी नाही, पण दुसरा रस्ताही नाही.

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे. कोविडनंतर सगळ्यांच्या घरात एन९५ मास्क पडून आहेत आणि लोकांना वाटतं तेवढं पुरे. तो मास्क रंगाचे कण अडवतो. थिनरची वाफ अडवत नाही. वाफेसाठी कोळशाच्या डब्या लावलेला मास्क मिळतो, सेंद्रिय वाफांसाठीचा, तोच घ्यायचा, आणि खिडकीतून बाहेर हवा फेकणारा पंखाही हवा. पाण्यावरच्या रंगांना वास नसतो म्हणून ते निरुपद्रवी असं समजू नका. त्यांचं धुकंही फुप्फुसात बसतंच. आमच्या सौभाग्यवतींना दमा आहे. सुरुवातीच्या वर्षी ऑगस्टमध्ये पाऊस आत येतो म्हणून खिडकी लावून आम्ही तासभर लॅकर मारला. त्या दोन खोल्या पलीकडे होत्या. रात्री अकरा ते पहाटे तीन नेब्युलायझर लावून बसावं लागलं. त्या चार तासांत त्या आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत, बोलण्याइतका श्वासच नव्हता. दुसऱ्या दिवशी सगळं सामान गच्चीत गेलं, ते आजवर तिथेच आहे. आणखी एक: लॅकर थिनरची वाफ पेट घेते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. शेजारच्या खोलीत समई किंवा उदबत्ती लागलेली असेल तर पेन खाली ठेवा.

बरं. विमान प्रायमर लागून तयार आहे. कोणता रंग? आमचं दुसरं विमानही स्पिटफायरच, पण १९४० च्या उन्हाळ्यातलं, इंग्लंडवरच्या हवाई लढाईतलं. वरून गडद माती आणि गडद हिरवा यांचे पट्टे. त्यावर वाद नाही. वाद पोटाच्या रंगावर. आधी एक पंख खालून काळा आणि दुसरा पांढरा असे. जून १९४० मध्ये हुकूम निघाला की पोट 'स्काय' नावाच्या नव्या रंगाने रंगवा. हुकूम आला, रंग पुरेसा आला नाही. मग ठिकठिकाणी हाताशी असलेल्या डब्यांतून लोकांनी जमवून घेतलं. हवाईदलातले लोक त्याला बोलताना बदकाच्या अंड्याचा रंग म्हणत.

इथे आमचा जुना धंदा जागा होतो. नैयायिक चार प्रमाणं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. उपमानाचं त्यांचं ठरलेलं उदाहरण गवयाचं. नगरातल्या माणसाने गवय पाहिलेला नसतो; रानातला माणूस सांगतो, गाईसारखा असतो तो; मग रानात गेल्यावर हा ओळखतो. आमचे विद्यार्थी या उदाहरणावर जांभया द्यायचे. पण बदकाच्या अंड्यासारखा रंग हे निव्वळ उपमान आहे, आणि बदकाची अंडी पांढरी असतात, निळसर असतात, हिरवटही असतात. शब्दप्रमाण म्हणजे हुकूम, तो आहे. पण हुकूम निघाला म्हणजे रंग लागला असं नाही. अनुमान फोटोवरून करायचं, तर फोटो कृष्णधवल. त्यातही काही फिल्म अशा की त्यांवर पिवळा रंग गडद उमटतो, मग करड्या छटेवरून मूळ रंग ओळखायचा कसा? उरलं प्रत्यक्ष. जमिनीतून उकरून काढलेले विमानांचे तुकडे आहेत, पण माती आणि वर्षं यांनी त्यांच्यावर आपलं काम केलेलं आहे. तेव्हा बरोबर रंग कोणता यावर हातघाईवर येणाऱ्यांपासून दूर राहा. रंगांच्या कंपन्यांचा फिकट हिरवट-पिवळसर 'स्काय' बहुतेक विमानांना चालेल. एखाद्या विशिष्ट विमानाचा फोटो समोर असेल आणि त्यात पोट निळसर वाटण्याजोगं काही कारण असेल, तर निळसर करा, पण ते कारण सांगता आलं पाहिजे. आम्ही निळसर केलं नाही. कारण सापडलं नाही.

पोट आधी रंगवायचं, कारण ते फिकट. ते मास्किंग टेपने झाकून वर सगळीकडे माती, आणि शेवटी हिरवे पट्टे. पट्ट्यांची कड कशी ठेवायची? कारखान्यात हे पट्टे नेमके यावेत म्हणून रबरी चटया मांडून रंग मारत. कड बरीच रेखीव असे, फार तर इंचभर धूसर. इंच म्हणजे २५ मिलिमीटर, भागिले ७२: एक तृतीयांश मिलिमीटर. हौशी मंडळी फुंकर मारल्यासारखी दोन-तीन मिलिमीटरची मऊ कड ठेवतात, ती खऱ्या विमानावर वीतभर होईल. टेपने केलेली कड उलट जास्तच कडक येते आणि तिला पायरी उभी राहते. मधला मार्ग असा, की ब्लू-टॅकच्या कडबोळ्यासारख्या बारीक वळ्या करून पट्ट्याच्या हद्दीवर ठेवायच्या आणि पेन सरळ वरून धरून रंग मारायचा. वळी गोल असल्यामुळे तिच्या पोटाखाली रंगाची किंचित सावली शिरते आणि कड नेमकी तेवढीच धूसर होते. ब्लू-टॅक संपलं म्हणून आम्ही एकदा कणकेच्या वळ्या करून पाहिल्या. करू नका.

यानंतर चकचकीत वार्निश. मॅट विमान हवं असताना चकचकीत वार्निश का, हे कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली. १९६२ च्या विमानावर मामांनी आणलेल्या पिशवीतली गोल निशाणं पाण्यात भिजवून लावली होती. वाळल्यावर त्यांच्या भोवतीची आरपार झिल्ली रुपेरी दिसू लागली आणि आठवड्यात निशाणंही सुटली. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. निशाणाची झिल्ली त्या उंचवट्यांवर टेकते, खालच्या खळग्यांत हवा अडकते, आणि तीच हवा चांदीसारखी चमकते. चकचकीत पृष्ठभाग सपाट, त्यात हवेला जागा नाही. म्हणून आधी चकचकीत, त्यावर निशाणं, झिल्ली मऊ करणारा द्रव, आणि मग पुन्हा एक चकचकीत हात. त्यावर पत्र्यांच्या रेषांत काळपट-तपकिरी तैलरंगाचं पाणी सोडायचं, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेलं, आणि वाळल्यावर वरचं पुसायचं. खालचं वार्निश पाण्यावरचं आणि वरचं पाणी तैलाचं, म्हणून एकाने दुसरं विरघळत नाही. अगदी शेवटी मॅट वार्निश, आणि सगळं एकसारखं होतं.

आता रुमाल काढतो. हे डावीकडचं हिरवं, ते १९६२ चं. रत्नागिरीचं घर आवरताना माळ्यावर सापडलं, दोरा अजून आहे. आणि हे उजवीकडचं आमचं दुसरं. हे आम्ही दादासाठी केलं. दादा आता ऐंशीला टेकलाय, रत्नागिरीतच असतो, आणि दोन वर्षांपासून त्याच्या डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. गेल्या दिवाळीत आम्ही हे त्याच्या हातात दिलं. दहा महिने लागले होते. प्रत्येक जोड, प्रत्येक रेष भिंगातून तपासलेली. त्याने ते डोळ्यांजवळ नेलं नाही. मांडीवर ठेवलं आणि बोटाने पंखाच्या टोकापासून आत येत गेला. अंगाला पंख जिथे मिळतो तिथे थांबला, दोनदा बोट फिरवलं, आणि म्हणाला, "इथे खरखरीत आहे रे."

आम्ही टॉर्च आडवा धरून पाहिलं. होतं. मोठ्या नाण्याएवढा भाग, दोन्ही पंखांना. त्या कोपऱ्यात झोत अंगाच्या भिंतीवर आपटून परत फिरतो, भोवरा होतो, रंगाचे कण त्या भोवऱ्यात फिरता फिरता वाळतात आणि मग बसतात. मघाशी सांगितलेली धूळ ती हीच. मॅट वार्निशने ती डोळ्यांपासून लपली होती.

दुरुस्ती अवघड नाही, पण घाईची नाही. २००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून, पेन्सिलीच्या मागच्या रबराला गुंडाळून तेवढाच भाग घासला. दाब बारावर आणला, रंग थोडा जास्त पातळ, पेन तीन सेंटिमीटरवर, आणि झोत कोपऱ्यात सरळ न मारता पंखाच्या लांबीने तिरका जाऊ दिला. हल्ली कोणतंही विमान असो, हे कोपरे आधी करतो आणि उघडी मैदानं नंतर. डावा पंख झालाय, उजवा अजून राहिलाय, म्हणून हे विमान आज इथे आहे. पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला जातंय.

तुमच्यापैकी ज्यांना बघायचं असेल त्यांनी पुढे येऊन दोन्ही पंखांवर बोट फिरवून पाहावं. बोटं आधी त्या फडक्याला पुसा. ज्यांना हात करून पाहायचा आहे त्यांच्यासाठी चमचे आहेत, एकेकाला दोन. पेनात फक्त शाईचं पाणी आहे, तरी खिडकीजवळच उभे राहा. हवा आधी, रंग नंतर. चला, पहिलं कोण येतंय?